‘त्या माणसाची वकील तूच ना?’

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पत्र लिहिणारी ३१ वर्षांची, मूळची पुण्याकडची. इंग्लंडमध्ये कायदा शिकली आणि गेली चार वर्षं लंडनच्या एका चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, बॅरिस्टर आहे. निम्मं काम फौजदारी बचावाचं, निम्मं सरकारी निर्णयांना आव्हान देण्याचं आणि मानवी हक्कांचं. काही महिन्यांपूर्वी बलात्काराचा आरोप असलेल्या एका माणसाची बाजू तिने मांडली आणि ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांनी, त्याला निर्दोष सोडलं. स्थानिक वृत्तपत्रात तिचं नाव छापून आलं. गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाची वाटी हातात देता देता ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, “त्या माणसाची वकील तूच ना?” शेजारी पुण्याहून आलेली आई उभी होती. तेव्हापासून आई कामापुरतंच बोलते. बाबा म्हणतात, “एवढं शिकून हेच करायचं होतं का?” तिला स्वतःलाही झोप येत नाही. साक्ष देताना हातातला कागदी रुमाल पिळत बसलेली ती तरुणी डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यात चेंबर्समधली कामं वाटणाऱ्या क्लार्कने पुढच्या महिन्यासाठी तशीच आणखी एक केस आणली आहे. अशिलासाठी बॅरिस्टर नेमणाऱ्या सॉलिसिटरला असल्या खटल्यात बाई वकीलच हवी असते, असंही तिला वाटू लागलंय. तिने विचारलंय: फौजदारी काम सोडून फक्त मानवी हक्कांचं स्वच्छ काम करावं का? ही पुढची केस नाकारता येईल का? आणि आईला काय सांगू?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून सरळ एकेरीवर येते. मी स्वतः या देशातल्या क्राऊन कोर्टांमध्ये, जिथे गंभीर फौजदारी खटले चालतात, बावीस वर्षं काढली. आधी नुसतं फौजदारी केलं, मग हळूहळू तुरुंग आणि पॅरोलची प्रकरणं घेऊ लागले. कागदी रुमाल पिळणारे हात मीही पाहिलेत. ‘सवय होईल’ असं मी तुला सांगणार नाही. मला झाली नाही, आणि ज्यांना झाली त्यांच्याकडे मी माझी केस दिली नसती.

तुझ्या पत्रातला एक शब्द मात्र मला खटकला, तो आधी बोलते. ‘स्वच्छ काम’ असं तू दोन ठिकाणी लिहिलंयस. म्हणजे तुझ्या मनात दोन खोल्या आहेत. एका खोलीत मानवी हक्क: तिथे निर्वासित बाई, पोलीस कोठडीत जीव गेलेल्या मुलाची आई. दुसऱ्या खोलीत फौजदारी: तिथे तो माणूस. पहिल्या खोलीत गेलं की हात स्वच्छ राहतात, असा तुझा हिशेब आहे.

पण पहिल्या खोलीचं दार उघडून बघ, तिथे बसलंय कोण? मी ज्या माणसाला क्राऊन कोर्टात वाचवू शकले नाही, तसाच माणूस पाच-सात वर्षांनी माझ्याकडे परत यायचा, फाईलचा रंग तेवढा बदललेला. आता तो कैदी असायचा. दिवसाचे बावीस तास कोठडीत बंद, किंवा औषध मिळत नाही म्हणून तक्रार करणारा, किंवा कैद्याला मुदतीआधी सोडायचं का हे ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डाने समोर न बोलावता कागदावरच नकार कळवलेला. २०१३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने ऑस्बॉर्न खटल्यात सांगितलं की न्यायाला धरून वागण्यासाठी गरज असेल तिथे पॅरोल बोर्डाने कैद्याला तोंडी सुनावणी द्यायला हवी. नुसता सुटकेच्या शक्यतेचा हिशेब करू नये, स्वतःच्या आयुष्याचा निर्णय होत असताना माणसाला बोलू देणं हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. पब्लिक लॉ, म्हणजे सरकारी निर्णयांना आव्हान देण्याचा कायदा, शिकवताना हा निकाल आवर्जून शिकवतात. तो मिळवणारे तिघेही गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले होते. म्हणजे माणूस तोच आहे, तू त्याला कुठल्या मजल्यावर भेटतेस एवढाच फरक.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती तुझ्या आईला कदाचित जास्त पटेल. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवणारा जॉन वॉरबॉयज बायकांना गुंगीचं औषध देऊन त्यांच्यावर अत्याचार करायचा. तो २००९ साली दोषी ठरला. त्याआधी बायका पोलिसांकडे गेल्या होत्या. पोलिसांनी धड तपास केला नाही. त्यांतल्या दोघींनी मानवी हक्क कायद्याखाली थेट लंडन पोलिसांवर दावा लावला. आधार कुठला? कलम तीन, म्हणजे अमानुष वागणुकीपासून संरक्षण, तेच कलम जे आपण कैद्यांसाठी आणि हद्दपारीच्या नोटिसा आलेल्यांसाठी वापरतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघींच्या बाजूने निकाल दिला: गंभीर गुन्ह्याचा नीट तपास न करणं हेही त्या कलमाचं उल्लंघन आहे. त्याआधी, २०१७ च्या अखेरीस, पॅरोल बोर्डाने त्याला सोडायचं ठरवलं होतं, तेव्हा दोन पीडित स्त्रियांनी ज्युडिशियल रिव्ह्यू दाखल केला, आपल्याकडे रिट म्हणतात तसलाच प्रकार, आणि मार्च २०१८ मध्ये हायकोर्टाने बोर्डाचा निर्णय रद्द केला.

बचावाच्या खटल्यांत काम केलेल्या वकिलाला पोलिसांची डायरी कशी वाचायची ते कळतं. कुठली नोंद नंतर घातलीय, कुठला सीसीटीव्ही मागवलाच नाही, कुठल्या साक्षीदाराला दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही, हे त्याच्या डोळ्यांना आपोआप दिसतं. पीडितेच्या बाजूने पोलिसांना जाब विचारायला अशीच नजर लागते. ती तू आत्ता कमावते आहेस. ती नुसत्या ‘स्वच्छ’ खोलीत बसून येत नाही.

आता त्या खटल्याकडे येऊ. तू लिहितेस, ‘माझ्या त्या एका प्रश्नामुळे तो सुटला.’ हे तुला कुणी सांगितलं? ज्युरी कारणं देत नाही. बारा जण आत जातात, बाहेर येऊन एक किंवा दोन शब्द सांगतात, आणि आत काय बोलणं झालं हे त्यांना विचारणंसुद्धा गुन्हा आहे. कदाचित तुझ्या प्रश्नाने त्यांना शंका आली असेल. कदाचित पोलिसांनी फोनचा डेटा उशिरा काढला म्हणून, कदाचित दुसऱ्या साक्षीदाराची वेळ जुळली नाही म्हणून. तू स्वतःवर ठेवलेला आरोप सिद्ध करायला तुझ्याकडे एकही पुरावा नाही. असा आरोप तुझ्या अशिलावर कुणी ठेवला असता तर तू एक मिनिट उभा राहू दिला नसतास.

आणि निर्दोष सुटका म्हणजे ती खोटं बोलली, असाही अर्थ नाही. हल्ली जज ज्युरीला साध्या भाषेत सांगतात: तुमची खात्री झाली असेल तर दोषी, नसेल तर नाही. खात्री झाली नाही, एवढंच त्या निकालात आहे. गणपतीत भेटलेल्या बाईंना हे माहीत असण्याचं कारण नाही. पण तूसुद्धा मनात त्या निकालाचा ‘ती खोटी ठरली आणि ते मी केलं’ असा अनुवाद करून घेतलायस. तो अनुवाद चुकीचा आहे.

खात्री न होताच दोषी ठरवलं तर काय होतं, त्याची एकच गोष्ट सांगते. २००३ साली मँचेस्टरजवळ सॅलफर्डमध्ये एका स्त्रीवर भयंकर हल्ला झाला. अँड्र्यू माल्किन्सन नावाच्या माणसाला ओळखपरेडच्या आधारावर २००४ मध्ये दोषी ठरवलं गेलं. डीएनएचा कसलाही पुरावा त्याच्याविरुद्ध नव्हता. ‘मी केलं नाही’ हे त्याने सोडलं नाही. कबूल केलं असतं तर कितीतरी आधी सुटण्याची आशा होती. तो १७ वर्षं आत राहिला. जुलै २०२३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने शिक्षा रद्द केली, कारण नव्या तपासणीत डीएनए दुसऱ्याच माणसाशी जुळला. त्या १७ वर्षांत त्या पीडितेला न्याय मिळाला होता का? तिला मिळाल्यासारखं वाटलं होतं, एवढंच. म्हणून मी मानते की बचावाचा वकील पीडितेच्या विरोधात उभा नसतो. दोष सिद्ध झालाच तर तो टिकावा, वीस वर्षांनी कोसळून तिला पुन्हा त्याच साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायला लागू नये, यासाठीही कुणीतरी पुरावा वाजवून बघायला हवा. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतोच की.

हे सगळं झाल्यावरही तुझी अस्वस्थता पूर्ण जाणार नाही, कारण तिच्यात एक खरा प्रश्न आहे. बचाव केला का, हा तो प्रश्न नाही. बचाव कसा केला, हा आहे. आणि याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तूच देऊ शकतेस. एखाद्या रविवारी सकाळी चहा घेऊन बस आणि त्या उलटतपासणीची तुझी टिपणं काढ. प्रत्येक प्रश्नापुढे लिही: हा कशासाठी विचारला?

‘तुम्ही पोलिसांना साडेदहा म्हणालात. हा मेसेज अकरा चाळीसचा आहे. हा तुम्हीच पाठवला?’ हा प्रश्न कठीण आहे, पण सरळ आहे. त्यात एक वस्तुस्थिती आहे, ती साक्षीदारासमोर ठेवायलाच हवी. आपल्या अशिलाचं म्हणणं तिच्यापुढे मांडून तिला उत्तराची संधी देणं हे आपलं कर्तव्यच आहे. मांडलं नाहीस तर तो तिच्यावरही अन्याय आहे.

‘मग तुम्ही ओरडला का नाहीत?’ हा प्रश्न त्या जातीचा नाही. त्यामागे वस्तुस्थिती नाही, समजूत आहे, आणि ती समजूत खोटी आहे म्हणून जज स्वतःच ज्युरीला सावध करतात: अशा प्रसंगी कुणी ओरडतं, कुणी गोठून जातं, कुणी कित्येक महिने कुणाला सांगत नाही. असा प्रश्न तुझ्या टिपणांत सापडला तर तो तुझा चुकलेला प्रश्न आहे. सापडेल कदाचित. माझ्या जुन्या वह्यांमध्ये आहेत, आणि ते वाचताना आजही मला बरं वाटत नाही. पण त्याचा इलाज फौजदारी सोडणं हा नाही. इलाज म्हणजे तो प्रश्न पुन्हा कधी न विचारणं. एका प्रश्नात एकच गोष्ट. शेवटी ‘हो ना?’ लावून तिच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. आवाज चढवायचा नाही. ती रडली तर ब्रेक आपणच मागायचा, जजची वाट बघायची नाही. बारने, म्हणजे बॅरिस्टरांच्या संघटनेने, ठेवलेलं असुरक्षित साक्षीदारांच्या उलटतपासणीचं प्रशिक्षण तू केलं नसशील तर या महिन्यात कर. मुलांच्या किंवा असुरक्षित साक्षीदारांच्या खटल्यांत प्रश्न आधी लिहून जजना दाखवायला लावतात. ती सवय प्रौढ साक्षीदारासाठीही स्वतःहून लावून घे. आदल्या रात्री प्रश्न लिहून काढले की वाईट प्रश्न कागदावरच लाजतात. तिच्या आधीच्या लैंगिक आयुष्यात हात घालायला १९९९ च्या कायद्याने आधीच मोठी आडकाठी केली आहे; जिथे परवानगी मिळण्यासारखी असेल तिथेही खरोखर गरज आहे का, हे स्वतःला विचार.

मला खात्रीने वाटतं की तुझ्या टिपणांत बहुतेक प्रश्न मेसेजच्या वेळेसारखे निघतील. ज्या वकिलाने प्रश्न कसेही विचारले असते, तिने मला हे पत्र लिहिलं नसतं.

पुढच्या केसबद्दल. नियम तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. इंग्लंडमधल्या स्वतंत्र बॅरिस्टरला कॅब-रँकचा नियम लागू असतो. स्टँडवरच्या रांगेतल्या पहिल्या टॅक्सीने भाडं नाकारायचं नाही, तसं सॉलिसिटरने आणलेलं, आपल्या क्षेत्रातलं, आपल्याला झेपणारं, योग्य फीचं काम नाकारायचं नाही. अशील आवडत नाही, आरोप किळसवाणा आहे, त्याचे विचार पटत नाहीत, पैसे लीगल एडचे, म्हणजे गरजू अशिलांसाठीच्या सरकारी मदतीचे आहेत, ही कारणं चालत नाहीत. या नियमाची मुळं जुनी आहेत. १७९२ मध्ये वकील थॉमस एर्स्किनने राजेशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या थॉमस पेनचा बचाव केला आणि त्यापायी राजपुत्राकडची वकिलीची मानाची जागा गमावली. वकिलाने आवडीनिवडीवर माणसं निवडली तर ज्याला कुणीच निवडणार नाही त्याचं काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. नियम वकिलालाही वाचवतो, हे विसरू नकोस. तू त्या माणसाला निवडलं नव्हतंस. हे तू कुणालाही ताठ मानेने सांगू शकतेस.

पण या नियमाचा अर्थ बॅरिस्टरने मरेपर्यंत राबावं असा होत नाही. झेपत नसलेलं काम घ्यायचं नाही, हाही नियमच आहे. झोप नाही, फाईल उघडली की पोटात गोळा येतो, अशा अवस्थेत दुसऱ्या माणसाचं स्वातंत्र्य हातात घ्यायचं का, हा प्रामाणिक प्रश्न आहे आणि तो क्लार्कपुढे ठेवता येतो. ‘असला माणूस नको’ असं म्हणायचं नाही. ‘पुढचे तीन महिने लैंगिक गुन्ह्यांचे खटले नकोत, मला लागोपाठ फार झालेत’ असं म्हणायचं, आणि डायरीत तो काळ आधीच आखून टाकायचा. चांगला क्लार्क हे समजून घेतो, कारण मोडलेला बॅरिस्टर त्याच्याही कामाचा नसतो. लॉकेअर नावाची वकिलांसाठीची मदत संस्था आहे, तिथे गुप्तपणे बोलता येतं. मात्र अशिलाची माहिती तिथेही नाही आणि घरीही नाही. बोलायचं ते तुझ्याबद्दल.

बाई वकील म्हणून मुद्दाम निवडतात, ही तुझी शंका खरी असू शकते. ज्युरीसमोर बाईने बाईला प्रश्न विचारले की बरं दिसतं, असा हिशेब करणारे सॉलिसिटर मी पाहिलेत. हे तुझ्या गुणांवर मिळालेलं काम आहे की तुझ्या चेहऱ्यावर, हे जाणून घेण्याचा तुला अधिकार आहे. गेल्या दोन वर्षांत तुला किती लैंगिक खटले आले आणि तुझ्याबरोबरच्या पुरुषांना किती, हा आकडा क्लार्ककडे माग. आकडा समोर आला की बोलणं सोपं होतं. चेंबर्सच्या समितीत कामाच्या समान वाटपाचं बघणारी व्यक्ती असते, तिलाही तो दाखव.

आणखी एक गोष्ट करून बघ: सरकार पक्षाच्या वकिलांच्या पॅनेलसाठी अर्ज कर. इथल्या स्वतंत्र बारचं हे मोठं वैशिष्ट्य की एकच बॅरिस्टर सोमवारी बचाव करतो आणि पुढच्या सोमवारी सरकारतर्फे खटला चालवतो. तक्रारदाराच्या बाजूने चार खटले चालव. तिला कोर्टात यायच्या आधी भेट, काय होणार ते समजावून सांग. एक तर तुझ्या मनातला तोल सावरेल. दुसरं म्हणजे पुन्हा बचावाला उभी राहशील तेव्हा प्रश्न विचारताना तिच्या बाजूची खुर्ची कशी असते ते तुला माहीत असेल.

पैशाचं दोन ओळींत. तू ‘परवडत नाही’ असं ओझरतं लिहिलंयस. २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टर संपावर गेले ते उगाच नव्हे. फी १५ टक्के वाढवण्याच्या तोडग्यावर संप मिटायला ऑक्टोबर उजाडला. पण पब्लिक लॉमध्ये गेलं की हात सैल होईल असं समजू नकोस. लीगल एडच्या ज्युडिशियल रिव्ह्यूमध्ये कोर्टाने पहिल्या पायरीवर परवानगी नाकारली तर केलेल्या बऱ्याचशा कामाचे पैसे बुडू शकतात. म्हणून दोन्ही पाय एकाच होडीत ठेवू नकोस. तुझ्या बहुतेक ज्येष्ठांनी तसं ठेवलेलं नाही.

भारतात, विशेषतः तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या वाचकांनाही इथे दोन शब्द सांगायचेत, कारण त्यांचीही अशी पत्रं येतात. बार असोसिएशनने ‘या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असा ठराव केला, आता काय करू? २०१० मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. बार कौन्सिलचा नियमही सांगतो की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव करावा. आणि कुणी ‘असल्यांना वकील कशाला’ म्हटलं तर नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यातल्या त्या सहा जणांची आठवण द्या. भटक्या जमातीतली गरीब माणसं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. १६ वर्षं तोवर गेली होती. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ही फाशी अमलात आली असती तर आपण कुणाला तोंड दाखवलं असतं?

आता आई. तिला पटवून देण्याचा प्रयत्न सुरुवातीलाच करू नकोस. तिच्या गप्प बसण्यात राग कमी आणि भीती जास्त असावी, असा माझा अंदाज आहे: आपल्या मुलीला लोक त्या माणसाच्या नावाने ओळखतील, ही भीती. आधी तिला विचार, ‘आई, तुला नक्की काय वाटलं त्या वेळी?’ आणि उत्तर मधे न तोडता ऐकून घे. उलटतपासणी करू नकोस.

मग तिला पोस्ट ऑफिसची गोष्ट सांग. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांना ती चटकन भिडते, कारण पोस्टाची छोटी दुकानं चालवणाऱ्यांत भारतीय घरं पुष्कळ. पोस्टाच्या होरायझन नावाच्या कॉम्प्युटर प्रणालीत हिशेब चुकायचा आणि चोर ठरायचा काउंटरमागचा माणूस. सीमा मिश्रा नावाच्या बाईंना २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं, पोटात मूल असताना, मोठ्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाच्या दिवशी. त्यांच्यासह ३९ जणांच्या शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने रद्द केल्या. २०१० मध्ये त्यांच्याकडे बघून शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटलं असेल? ‘कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?’ हेच. त्या दिवशी त्यांचा वकीलही कुणाच्या तरी आईला नकोसाच वाटला असेल.

बाबांसाठी आपल्याच घरातलं उदाहरण आहे. बॅरिस्टर म्हटलं की मराठी माणसाला बाबासाहेब आठवतात. लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून ते १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच बाबासाहेबांनी १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला होता. त्या काळात पांढरपेशा घरांत कर्व्यांचं नाव काढायची चोरी होती. बाबासाहेब तो खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या माझ्यासारखीला तो खटला जरा जास्तच जवळचा वाटतो. बाबांना विचार, बाबासाहेबांनी ते वकीलपत्र परत करायला हवं होतं का? मुद्दाम विचार, आणि वाट बघ.

शेवटी शक्य झालं तर आईला एक दिवस कोर्टात ने. तुझ्या स्वतःच्या खटल्याला नको. तुझ्यावर आणि तिच्यावरही ताण येईल. एखाद्या साध्या क्राऊन कोर्टात, चोरीचा किंवा मारामारीचा खटला चालू असेल तिथे, मागच्या गॅलरीत दोघी बसा. गॅलरी सर्वांसाठी खुली असते. काचेच्या मागे बसलेला आरोपी तिला बघू दे, त्याची आईही बहुधा त्याच गॅलरीत असेल. खटल्यांची रांग ७० हजारांच्या वर गेलेल्या या देशात कितीतरी तक्रारदार आणि कितीतरी आरोपी वर्षानुवर्षं तारखेची वाट बघत बसलेत, हे आकड्यातून कळत नाही, तिथल्या बाकावर कळतं. ओल्ड बेली या लंडनच्या प्रसिद्ध फौजदारी कोर्टात न्यायचं ठरवलंस तर फोन आणि मोठी पिशवी घरीच ठेवायला सांग, आत घेऊ देत नाहीत. आणि आईला आधीच पोटभर जेवायला घाल, कारण डबाही आत चालत नाही.

फौजदारी सोडायचं की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. झोप नसताना घेतलेला निर्णय हा थकव्याचा असतो. ते तीन महिने जाऊ दे, टिपणं तपासून झाली, पॅनेलचा अर्ज गेला, मग ठरव. तेव्हाही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, कुणाची परवानगी लागणार नाही. फक्त ‘ते घाण होतं’ असं म्हणत सोडू नकोस.

आणि क्लार्कशी बोलायचं ते सोमवारी सकाळी बोल. शुक्रवारी संध्याकाळी ते पुढच्या आठवड्याच्या यादीशी झुंजत असतात, त्या वेळी कुणाचंच नीट ऐकलं जात नाही.

तुझी,
ताई